दाराबाहेर हात सोडायचा

वेणीमाधव आठल्ये यांनी तीसेक वर्षं सदनातून आमदार बाहेर काढले. नोकरी तीच होती. राजधानीत अधिवेशन भरायचं, आरडाओरडा व्हायचा, अध्यक्ष घंटी बडवून दमायचे आणि शेवटी म्हणायचे, "मार्शल!" मग पांढऱ्या गणवेशातला हा बुटका, रुंद छातीचा काशीचा मराठी माणूस बाकांकडे चालू लागायचा. आठल्ये हे आडनाव तिथल्या कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्यांना बेनी पहलवान म्हणत.

पहलवान ते खरेच होते. वडील अहिल्याबाई घाटावर यात्रेकरूंची धर्मकृत्यं करीत. पोरानं पहाटे स्नान करून संहिता म्हणायला बसावं अशी त्यांची अपेक्षा. पोरगं स्नान करून आखाड्यात जायचं आणि माती माखून परत यायचं. वडील ओल्या पंचानं झोडपायचे. ओला पंचा पाठीवर बसला की वळ दुसऱ्या दिवशीही दिसतो. वेणीमाधव तो वळ घेऊन पुन्हा आखाड्यात जायचे. तिथले गुरू वळ बघून हसायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या बापाला जोर नाही. मारणं सोपं असतं, हात सैल सोडला की झालं. माणसाला न मारता धरून ठेव, मग कळेल जोर कशाला म्हणतात."

हे वाक्य पुढे त्यांच्या पोटापाण्याच्या कामी आलं.

त्यांची पकड ठरलेली होती. डावा हात समोरच्याच्या काखेत, उजवा पाठीमागून कमरेला. मानेला हात नाही, केसांना नाही, कपड्यांना नाही. कंबर वीतभर पुढे रेटायची, की तोल सावरायला माणूस आपणच पाऊल टाकतो. मग पुन्हा रेटायची. नव्या भरतीच्या शिपायांना ते सांगत, "ओढलेला माणूस जड होतो. ढकललेला पडतो. चालवलेला माणूस आपलं वजन आपण वाहतो." आणि दार ओलांडलं की हात सोडायचा, ताबडतोब. "दाराबाहेर तो लोकांनी निवडून दिलेला माणूस आहे. आपला हात उंबरठ्यापर्यंत."

समोरचे असा काही नियम पाळत नसत. कुणी त्यांच्या मनगटाला चावलं, रक्त निघेपर्यंत. कुणी शाईची दौत कपाळावर फोडली. भुवईला टाके घालून ते दुपारच्या बैठकीला पुन्हा दाराशी उभे राहिले. बाकाचा तुटलेला पाय लागून त्यांची एक दाढ गेली. त्यांचा हात मात्र कुणावर उठला नाही. हा एकच अभिमान त्यांनी बाळगला. बढती चुकली तरी त्यांना काही वाटलं नाही, पण 'बेनीने कुणाला मारलं' असं कुणी थट्टेत म्हटलं तरी ते ताट सोडून उठायचे.

चौऱ्याण्णव साली दलसिंगार बाबूंना बाहेर काढायची वेळ आली.

दलसिंगार गंगेपलीकडचे आमदार. धिप्पाड. त्यांच्या जीपपुढे बाजार रिकामा होतो, असं त्यांचीच माणसं कौतुकानं सांगत. त्या दिवशी त्यांनी बाकावरचा माइक दांड्यासकट उपटला आणि समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आमदाराच्या डोक्यात घातला. म्हातारा खाली कोसळला. दुसरा घाव बसायच्या आत वेणीमाधव पोचले होते. डावा हात काखेत, उजवा कमरेला. दलसिंगारांनी कोपरानं त्यांचं नाक फोडलं. रक्त मिशीवरून गळत होतं, तरी पकड सुटली नाही. अख्खी मधली वाट त्यांनी त्या माणसाला त्याच्याच पायांनी चालवलं, दार ओलांडलं आणि रीतीप्रमाणे हात सोडले.

हात सुटताच दलसिंगार वळले. माइकचा लोखंडी दांडा अजून त्यांच्या मुठीत होता. तो त्यांनी वेणीमाधवांच्या उजव्या खांद्यावर उतरवला. हाड मोडल्याचा आवाज दारावरच्या शिपायानं ऐकला. वेणीमाधव गुडघ्यावर बसले आणि तसेच बसून राहिले. दलसिंगार पायऱ्या उतरून पत्रकारांकडे धावत गेले आणि ओरडले, "मार्शलनं मला लाथ घातली! जनतेच्या प्रतिनिधीला लाथ!"

दुसऱ्या दिवशी पेपरात लाथ आली, खांदा आला नाही. पुढे चौकशी झाली. लाथ मारली असं सिद्ध झालं नाही. मारली नाही असंही झालं नाही. खांदा वाकडा जुळला. उजवा हात छातीच्या वर जाईना. सत्त्याण्णवच्या अखेरीस वेणीमाधव निवृत्त होऊन काशीला आले, ते हा हात आणि ती लाथ बरोबर घेऊन. गल्लीत पानवालाही विचारायचा, "का हो पहलवान, एमेलेला लाथ मारली होती म्हणे? जोरदार!" त्याला ते कौतुक वाटायचं. वेणीमाधवांनी त्याच्याकडचं पान बंद केलं.

वर्षभरानं घाटावरच्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. मंडळाचा चिटणीस रत्नाकर, बँकेत नोकरीला, उत्साही मुलगा. मंडळाची एक रीत होती: ज्याचा सत्कार, त्याच्याच कामाच्या ठिकाणचा मोठा माणूस पाहुणा. मास्तरांना हेडमास्तर, बँकवाल्याला मॅनेजर. रत्नाकर रीतीला पक्का. एका संध्याकाळी तो धापा टाकीत आला.

"काका, काम फत्ते! पाहुणे मिळाले. दलसिंगार बाबू!"

वेणीमाधवांनी पेला खाली ठेवला. "कोण?"

"तुमच्याच सदनातले. म्हटलं मार्शलचा सत्कार, तर आमदारच पाहिजे. तुमचं नाव घेतल्यावर इतके हसले, इतके हसले! लगेच हो म्हणाले."

आतून त्यांच्या पत्नी गंगाबाई आल्या, हाताला कणीक तशीच. "रत्नाकर, बँकेत तुला कुणी घेतलं रे? यांचा खांदा कुणी मोडला, ठाऊक आहे?"

"पडले होते ना काका?"

"त्यानं मोडला. दांड्यानं."

रत्नाकरचं तोंड उतरलं. "मग कॅन्सल करतो, काकू. काहीतरी बहाणा सांगतो."

"नको," वेणीमाधव म्हणाले. "येऊ दे. मला शाल नको नि नारळ नको. चार लोकांसमोर त्यानं एवढंच म्हणावं, बेनीनं लाथ मारली नव्हती. माझा सत्कार तेवढाच."

"तो म्हणेल?" गंगाबाईंनी विचारलं.

"विचारीन."

"आणि नाही म्हणाला तर?"

वेणीमाधवांनी पेला पुन्हा उचलला.

मार्गशीर्षातल्या रविवारी सकाळी मंडळाचं सभागृह भरलं. दारासमोर दोन हात जागा, लगेच घाटाच्या पायऱ्या. आत रांगोळी, समई, टेबलावर शाल आणि बनारसच्या रीतीनं पहलवानाला द्यायची लाकडी गदा, चंदेरी रंगाची. दलसिंगार दोन बंदूकवाले घेऊन आले. निवडणूक तोंडावर होती, म्हणून हारही मोठा होता.

भाषणात ते म्हणाले, "बेनी पहलवान माझे जुने यार. सदनात यांनी मला अशी लाथ घातली होती की आजही थंडीत कंबर दुखते! पण आपलं मन मोठं. लाथ खाल्ली, तरी शाल घालायला आलो."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या गंगाबाई मात्र हसल्या नाहीत.

दलसिंगारांनी शाल उलगडून पुढे केली. वेणीमाधवांनी शालीसकट त्यांची दोन्ही मनगटं धरली. माइक चालू होता.

"आधी खरं सांगा. मी लाथ मारली होती?"

"सोड, पहलवान. तमाशा नको."

"एक शब्द. हो की नाही?"

"मारली होती," दलसिंगार माइककडे तोंड करून म्हणाले. "सगळ्या राज्याला माहीत आहे." आणि मनगट हिसकावून त्यांनी वेणीमाधवांच्या कानाखाली आवाज काढला. माइकमधून तो घाटापर्यंत ऐकू गेला.

रत्नाकर मध्ये धावला. "साहेब, ये क्या..." एवढंच म्हणून झालं. एका बंदूकवाल्यानं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. रत्नाकर रांगोळीत पडला, तोंडातून रक्त आणि दोन दात. समई उलटली. बायका पोरांना ओढत भिंतीकडे पळाल्या. दुसऱ्या बंदूकवाल्यानं खुर्ची उचलून गर्दीत फेकली. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष कपाळ धरून खाली बसले.

वेणीमाधव तोवर दलसिंगारांच्या बगलेत शिरले होते. उजवा हात वर जात नव्हता. पण कमरेला धरायला वर जावं लागत नाही. दलसिंगारांनी जाता जाता टेबलावरची गदा उचलली, पण काखेतल्या हातामुळे ती फिरवता येईना. बंदूकवाल्यांना गोळी घालता येईना, मालकच आड येत होता. ते दस्त्यानं वेणीमाधवांच्या पाठीवर घालू लागले. एक बरगडीवर बसला. आत काहीतरी तडकलं. पाऊल चुकलं नाही. रेटलं, पाऊल, रेटलं, पाऊल. उलटलेल्या खुर्च्यांमधून दलसिंगार आपल्याच पायांनी दारापर्यंत गेले. उंबरठा ओलांडला.

वेणीमाधवांनी हात सोडले.

सवय होती. दलसिंगारांनाही त्यांची सवय माहीत होती. ते वळले आणि गदा त्याच खांद्यावर घातली. वेणीमाधव दारावर आदळले. पुन्हा गदा उचलली गेली, आणि मागून धावत आलेल्या गंगाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली.

"सोड, मुडद्या!"

दलसिंगारांनी त्यांना झटकलं. त्यांचं डोकं दगडी चौकटीवर आपटलं. त्या आवाज न करता खाली घसरल्या. पांढऱ्या केसांतून रक्ताची धार कानावर आली.

वेणीमाधवांनी ते पाहिलं. मग त्यांनी भार डाव्या पायावर घेतला, कंबर मागे खेचली आणि उजवी टाच दलसिंगारांच्या छातीच्या हाडाखाली घातली. तीस वर्षं धरून ठेवलेला जोर त्या टाचेत होता. दलसिंगार ओरडले नाहीत. ओरडायला श्वासच उरला नाही. ते पायऱ्यांवर उताणे पडले, घरंगळत खालच्या कट्ट्यावर गेले आणि थांबले. एक पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता.

बंदूकवाल्यांनी वेणीमाधवांना पाडून तुडवलं. पण आवाज ऐकून खालून नावाडी आले होते, न्हाणारे ओल्या कपड्यांनी आले होते. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात बांबू. एवढी माणसं भोवती उभी राहिल्यावर बंदूकवाले मागे सरले. वेणीमाधव भिंतीच्या आधारानं उठले, बरगडी धरून एकेक पायरी उतरले आणि दलसिंगारांपाशी बसले.

"ही लाथ," ते म्हणाले. "ही मी मारली. त्या दिवशी तुम्ही पत्रकारांकडे धावत गेला होतात. आज धावा."

दलसिंगारांनी तोंड फिरवलं.

पोलीस आले. दुपारी इस्पितळात पट्ट्या बांधून झाल्यावर वेणीमाधव आपण होऊन चौकीत गेले. डोक्याला पट्टी बांधलेल्या गंगाबाई बरोबर. घरी जा म्हटलं तर ऐकेनात.

"लिहून घ्या," ते चौकीप्रमुख दरोगाला म्हणाले. "मी आमदाराला लाथ मारली. उजव्या पायानं, छातीखाली."

दरोगानं पेनाचं टोपण लावलं. "बाबा, मी आत्ताच त्यांचा जबाब घेऊन आलोय. म्हणतात, पायरीवर शेवाळ होतं, पाय घसरला."

"दारासमोरच्या पायरीवर? मार्गशीर्षात?"

"निवडणूक आहे, बाबा. सदनात मार्शलची लाथ खाल्ली तर माणूस पुढारी होतो. स्वतःच्या इलाक्यात एका हातानं लुळ्या पेन्शनरची लाथ खाल्ली, तर बाजार हसतो. तुमचंही भलं त्यातच आहे. घरी जा."

"पण मी मारली! घाटभर लोकांनी पाहिली."

"घाटभर लोक म्हणतात, घसरले." दरोगा हसू दाबत होता. "आमदाराला मी खोटं ठरवू?"

"मला चार वर्षं ठरवलंत ना?"

दरोगानं चहा मागवला. वेणीमाधवांनी तो घेतला नाही. रत्नाकरचे दात आणि बायकोचं डोकं यांची तक्रार तरी घ्या म्हणून ते बसून राहिले. शेवटी दरोगानं ती लिहिली, बंदूकवाल्यांच्या नावावर. त्यात गंगाबाईंना ढकलणारा 'गर्दीतला कुणी' झाला. लाथ कुठेच आली नाही.

बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं. वेणीमाधव मान खाली घालून चालत होते.

"न मारलेली चिकटली," ते पुटपुटले, "आणि मारलेली कुणी घेईना. शिवाय हात उठला नाही असंही आता म्हणता येत नाही."

"हात कुठे उठला? पाय उठला," गंगाबाई म्हणाल्या.

ते थांबून त्यांच्याकडे बघत राहिले. हसू आलं, पण बरगडीनं ते अर्ध्यातच थांबवलं.

"आणि कुणी घेईना कसं? मी पाहिली ना," त्या म्हणाल्या. "चांगली बसली." एवढं बोलून त्यांना भोवळ आली. त्यांनी भिंत धरली.

वेणीमाधवांनी डावा हात त्यांच्या काखेत घातला, उजवा कमरेमागून. गल्ली चढाची, मध्ये गाय बसलेली, नालीचं पाणी. त्यांनी रेटलं नाही. बायकोचं पाऊल पडायची वाट बघितली, मग आपलं टाकलं. पानवाल्यानं ठेल्यावरून पाहिलं. काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण दोघांच्या पट्ट्या बघून ते मिटलं.

घराचं दार आलं. रत्नाकरची आई पेज घेऊन उंबरठ्यावर बसली होती, ती बाजूला सरली. दोघं आत गेली. वेणीमाधवांनी हात सोडला नाही.