नऊ बोल्ट

“खूण, खूण काय करताय, जाऊबाई? ती काय ब्रह्मदेवाने मारलेली रेघ आहे? चौकटीची उंची नव्याने मोजून बसवायला हवी.”

“मामंजींची पद्धत आहे ती.” थोरलीने फडक्याने पाना पुसला. “चौकट उचलायच्या आधी पेटीच्या आत पेन्सिलीने खूण करायची, परत त्याच खुणेवर बसवायची. तीस वर्षांत एक पियानो परत आला नाही.”

“परत कोण आणणार? उचलायलाच पाच माणसं लागतात.”

“तोंड आवर. नऊच्या नऊ बोल्ट आवळून झालेत माझे. आणि आवळलेला बोल्ट मी सोडत नाही.”

“ते माहितीये. म्हणूनच सांगते, असंच चालायचं असेल तर मी माझं वेगळं बघेन.”

धाकटीने अंगातला एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि ती घरात निघून गेली. ओसरीत वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “जावाजावा आणि उभा दावा, म्हणतात ते काय खोटं नाही,” आणि पुढची शेंग घेतली. अंगणात दोघींचे नवरे, दोघे भाऊ, टेम्पोचं एकच चाक मिळून पुसत होते. इतकं स्वच्छ चाक त्या टेम्पोने कधी पाहिलं नव्हतं.

घराच्या मागच्या मोठ्या खोलीत या दोघी जावा जुने पियानो खोलून नव्याने उभे करत. थोरला भाऊ टेम्पो चालवी, धाकटा पॉलिश करी, आणि आतलं सगळं काम बायकांचं. हे असं कोणी ठरवलेलं नव्हतं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा भिंतीला टेकवलेली बिडाची चौकट बघून तिला वाटलं, ही कुठल्या तरी बंगल्याच्या फाटकाची जाळी. सासऱ्यांनी हसून तिच्या हातात पॉलिशपेपर दिला. गंज काढता काढता तिला कळलं, की पियानोच्या दोनशेच्या वर तारांचा सगळा ताण ही चौकट पेलते. ती नसती तर लाकडी पेटीचा चुरा झाला असता. असं सगळ्यांची ओढ सोसणारं, तोंडातून चकार शब्द न काढणारं बीड तिला फार आवडलं. सासऱ्यांना दोन मुलगे होते, पण पाना त्यांनी सुनेच्या हाती दिला.

धाकटी आली अकरा वर्षांपूर्वी. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, “हे असंच का करायचं?” आणि तेव्हापासून ती रोज तेच विचारत होती. थोरली करवादायची. पण थोरलीने मागे हात केला की हवा तो पाना न बोलता त्या हातात पडायचा, तोही धाकटीच देई.

आता थोरलीने मागे हात केला आणि हात तसाच राहिला.

ती स्टुलावर बसली. मनात नसताना तिची नजर पेटीत गेली. चौकटीखाली आवाज घुमवणारी पातळ लाकडी फळी होती. हा पियानो आला तेव्हा ती फळी जुन्या खाटेसारखी खाली बसली होती. दोघींनीच ती काढली, भेगा भरल्या, खालून नव्या पट्ट्या चिकटवल्या, आणि आता ती थोरल्या भावासारखी पोट पुढे काढून उभी होती. आणि खूण? खूण केली होती फळी खाली बसलेली असताना.

थोरलीने रिळाचा दोरा घेतला. तार जशी जाणार तसा पुढून ओढला, फळीवरच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकण्याच्या पट्टीवर, टेकवून सरळ मागे नेला. मागे चौकटीपासून तो कागदाच्या चार-पाच घड्यांइतका वर राहायला हवा होता. तिने खाली करंगळी घातली. करंगळी आरामात गेली.

चौकट फार खाली बसली होती. अशा तारा लावल्या असत्या तर त्यांनी फळीच्या उरावर बसून आवाज दाबून टाकला असता.

“मेली बरोबर बोलत होती,” थोरली म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. एकटीच हसत सुटली ती.

पहिला बोल्ट सुटताना इतक्या जोरात करकरला, की धाकटी हातातली पळी घेऊनच धावत आली.

“काय मोडलं?”

“माझा नियम. ती पळी ठेव आणि कप्पीची साखळी ओढ. एकटीने उचलली तर मी चौकटीखाली जाईन आणि तुला काम वाढेल.”

धाकटी पळी टाकून साखळीकडे धावली. एप्रन चढवायलाही थांबली नाही. नऊ बोल्ट निघाले, साखळी खडखडली, चौकट हातभर वर लटकली. ज्या ठोकळ्यांवर ती टेकायची, त्यांवर धाकटीने लाकडाच्या पातळ पट्ट्या ठेवल्या. चौकट खाली आली, दोरा लागला, चौकट पुन्हा वर गेली.

“अजून एक पट्टी,” धाकटी म्हणाली.

“अजून? तू काय मजला चढवतेस?”

“मधे एकच. कडेला पुरे.”

चौथ्या खेपेला दोरा हवा तसा आला. बोल्ट आवळताना दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मधून कडेला जात पाव-पाव फेरा, तू एक, मी एक. मग थोरलीने चाचणीसाठी तीनच तारा चढवल्या, सुरात ओढल्या आणि बोटाने छेडल्या. सूर खोलीभर फिरला, ओसरीत गेला. चाक पुसणारे हात थांबले. आवाज विरायला लागला तरी धाकटी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. थोरलीने पुन्हा छेडलं, मग पुन्हा, उगाचच.

“पुरे, तार झिजेल,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

चहाला सगळे ओसरीत बसले. सासूबाईंनी दोघींच्या काळ्या हातांकडे पाहिलं. “मिटलं वाटतं.”

“मिटायला काय, चूक माझी होती.” थोरलीने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. हे वाक्य या घरात त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“यापुढे चौकटीची उंची ही ठरवणार,” ती म्हणाली. “मी हिच्या हाताखाली.”