फ्लॉपीतला बापू

जुन्या सॅम्पलरच्या पोटात फ्लॉपी गेली, की आधी जात्यासारखी घरघर होते आणि मग पट्टी दाबताच साक्षात बासरी वाजते! टिपलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणारं हे यंत्र मला ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या सावंतकाकांनी दिलं. सोबत बिस्किटांच्या डब्यात, त्यांनीच टिपलेल्या आवाजांच्या फ्लॉप्या.

मी पडलो हुशार. बासरीच्या प्रत्येक सुराआधी ‘हुश्श’ असं काहीतरी यायचं. तो कचरा मी दोन दिवस खपून छाटला, साफ आवाज त्याच फ्लॉपीवर जुन्याच्या जागी साठवला आणि काकांना ऐटीत ऐकवला.

“छान. आता आमचा बापू कुठाय?”

“कोण बापू?”

“अहो, माझा धाकटा भाऊ. बासरी त्याचीच. तिशीत गेला. सुराआधी दम घ्यायचा, तेवढाच उरला होता. तुम्ही तोही झाडून काढलात!”

माझे कान तापले. आम्ही डबा पालथा घातला आणि एकेक फ्लॉपी लावत सुटलो. तबला, घुंगरू, पुन्हा तबला... आणि एका बिननावाच्या फ्लॉपीतून आलं, हुश्श! मी अक्षरशः उडी मारली. सूर जपण्यासाठी केवढी यंत्रं बनवतो आपण, आणि माणूस सापडतो तो सुराआधीच्या अर्ध्या क्षणात.

वरची पट्टी दाबली, की तोच आवाज झरझर वाजे आणि श्वास पळत आलेल्या पोराचा होई. काकांनी मात्र खालची दाबली. श्वास लांबला, जड झाला.

“म्हातारपणी असाच दमला असता लेकाचा,” काका हसत म्हणाले आणि आणखी एक पट्टी खाली सरकले.