बॉयलरराव होमाला बसतात

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ज्यानं एकतीस वर्षं बॉयलर पेटवला, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? बॉयलरराव. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, आणि तेही हे घरी सापडले तर. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ते घरी कधीच सापडत नसत. त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी हवी असायची, पण इस्पितळाच्या चादरी काही सुट्टी घेत नाहीत. म्हणून हे गृहस्थ दरवर्षी आपणहून पहाटे कामावर हजर.

इकडे बायको वर्षाची सुरुवात छोट्याशा होमानं करायची. नवऱ्याच्या पाटावर त्याचं उपरणं ठेवायचं आणि एकटीनं एकशे आठ आहुत्या द्यायच्या. संध्याकाळी जेवताना हे विचारायचे, "अग्नी नीट होता ना?" ती म्हणायची, "होता की." विषय संपला. एवढ्यावरून बॉयलररावांनी ठरवून टाकलं होतं, की आपल्या घरचा अग्नी शेवटच्या आहुतीआधी कधी म्हणून विझलेला नाही. कामावर चहा पिताना ते हे चारचौघांत छाती फुगवून सांगत.

आता निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच ते यजमान म्हणून बसणार होते. आठवडाभर पाय जमिनीवर नव्हते. पण धास्तीही होती, आणि ती त्यांनी लेकीला बोलून दाखवली.

"तुझ्या आईनं एकटीनं एवढी वर्षं सांभाळला गं. मी बसलो आणि विझला, तर तोंड कुठं लपवू?"

"बाबा, तुम्ही अख्खा बॉयलर पेटवत होतात. एवढ्याशा कुंडाचं काय घेऊन बसलात!"

लेकीनं धीर द्यायला म्हटलं, पण त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

सकाळी दरवर्षीचे गुरुजी आले. हे गुरुजी एरवी शहराची बस चालवत. दुपारी ड्यूटी होती म्हणून गणवेशाचा शर्ट हँगरसकट आणला होता, तो त्यांनी दाराच्या कडीला अडकवला. बसले, कुंडात डोकावले आणि गोंधळले. तांब्याच्या कुंडात तळापासून दोन बोटं वर एक तारेची जाळी बसवली होती, आणि तिच्यावर समिधा मोजूनमापून आडव्याउभ्या रचल्या होत्या.

"अहो! ही माझी केक गार करायची जाळी!" बायको म्हणाली. "कापलीत?"

"खालून हवा नको का मिळायला? धूर म्हणजे जळणाची नासाडी."

आणि खरंच, एका काडीत अग्नी पेटला. धूर नावालाही नाही. दरवर्षी डोळे चोळत बसणारी लेक बघतच राहिली. गुरुजींनी "स्वाहा" म्हटलं की बॉयलरराव तूप सोडत, आणि ज्वाळा जरा खाली आली की लगेच दोन समिधा सारत. बॉयलरच्या दाबाचा काटा खाली जाऊ द्यायचा नाही, ही जन्माची सवय. गुरुजींना घाम फुटला, खिडकी सताड उघडावी लागली. बॉयलररावांच्या चेहऱ्यावर मात्र पोरानं पहिला नंबर काढल्यासारखं तेज होतं.

चाळिसाव्या आहुतीला निम्म्या समिधा संपल्या. साठावीला त्यांनी ताटात हात घातला, तर ताट रिकामं. आता हात आखडता घेऊन उपयोग नव्हता, जाळीखाली राख सोडून काही उरलंच नव्हतं. एकाहत्तराव्या आहुतीचं तूप राखेत पडलं आणि नुसतं चुर्र झालं.

गुरुजी थांबले. लेक आईकडे बघायला लागली. बॉयलररावांनी पळी खाली ठेवली.

"विझला," ते म्हणाले. "माझ्या हातून विझला."

त्यांना रडू येत होतं, आणि साठीच्या माणसानं लेकीसमोर रडावं की नाही हे कळत नव्हतं.

बायको उठली. आतून समिधांची एक जुडी घेऊन आली, चिमट्यानं जाळी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सरका थोडे."

"जुडी होती? मग आधी का नाही दिलीस?"

"दिली असती तर तीही जाळली असतीत."

"पण गुरुजी, विझलेला अग्नी परत…"

"प्रायश्चित्ताच्या दोन आहुत्या जास्त घालू, झालं," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "काकूंना माहीत आहे सगळं."

"माहीत आहे म्हणजे?"

बायकोनं काडी ओढली. राखेवर कापूर, कापरावर चार काटक्या, बस्स. धूर उठला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत गेला.

"पाच वेळा विझलाय," ती म्हणाली. "एकदा तर तीनदा एकाच दिवशी. ही तान्ही होती, मांडीवर रडत होती, मी कुणाकुणाकडे बघणार?"

"आणि मला सांगायचीस, नीट होता!"

"संध्याकाळपर्यंत नीट झालेला असायचाच की. दमून यायचात तुम्ही. काय सांगायचं त्यात?"

बॉयलररावांनी तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली. "तू घाल. मी काटक्या देतो. तू सांगशील तेव्हा, आणि सांगशील तेवढ्याच."

"आधी एक," ती म्हणाली.

त्यांनी एकच दिली, आणि पुढची कधी मागते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत बसले.