हाजराबीचं धुराडं

मांडवीतल्या हाजराबीची बेकरी म्हणजे लाकडाची एक भट्टी, एक धुराडं आणि स्वतः हाजराबी. चूक कबूल करणं बाईच्या स्वभावातच नव्हतं. खारी करपली की मैदा वाईट, नानखटाई बसली की तूप भेसळीचं!

अशा बाईशी शेजारच्या आप्पांचं वाजलं. धुराड्यातून डांबरासारखे काळे थेंब गळून त्यांची वाळत घातलेली धोतरं ठिपकेदार झाली होती. सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर नगरपालिकेत अर्ज देईन, असं त्यांनी बजावलं. अर्ज गेला की भट्टी बंद, हे हाजराबीला पक्कं ठाऊक. भट्टी गेली तर करायचं काय, या धास्तीने तिला घास गोड लागेना. तोंडाने मात्र ती समुद्रावरच्या वाऱ्यालाच शिव्या घालत होती.

अहो, पुढे तर धूर उलटा फिरून बेकरीतच कोंडायला लागला. मग तिचा धाकटा भाऊ अस्लम आला. अख्खा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये घालवलेला माणूस. भट्टी गार झाल्यावर त्याने बांबूला काथ्या गुंडाळून धुराड्यात घातला, तर घमेलंभर चिकट काजळी निघाली. काजूची टरफलं जाळतेस ना, त्याने विचारलं. टरफलातलं तेल धुराबरोबर वर जातं. त्यात तू लाकूड वाचवायला भट्टीची हवेची झडप लावून आग धुमसत ठेवतेस. धूर वाटेतच गार होतो, तिथेच चिकटतो, मग धुराड्याला ओढ राहणार कुठून? आणि ही काजळी एखाद्या दिवशी पेटली तर छप्परच जाईल.

टरफलं तीन वर्षं फुकट येत होती, तीही आप्पांच्याच काजूच्या कारखान्यातून! अस्लमला हसू आवरेना. आता जा आणि सुनाव म्हाताऱ्याला, म्हणाला.

हाजराबी घमेलं घेऊन तरातरा निघाली. आप्पा ओटीवर अर्जच लिहीत होते. घमेल्यातला वास आला आणि त्यांचा चेहरा पडला. काजूचं तेल त्यांना कुणी ओळखून द्यायला नको होतं. हाजराबीच्या जिभेवर काय काय आलं. पण ठिपकेदार धोतरात बसलेला तो म्हातारा बघून तिला कसंसंच झालं.

"टरफलं तुमची, आप्पा," ती म्हणाली. "पण जाळली मी. चुकलं माझं. आजपासून सुकं लाकूड, आणि झडप उघडी."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अर्ज राहू दे," ते म्हणाले. "ते 'चुकलं माझं' तेवढं परत म्हण. तीस वर्षं शेजारी राहतोय, कधी ऐकलं नव्हतं."

हाजराबीने डोळे वटारले, आणि परत म्हटलं.