टाकेकाकू आणि डाव्या मनगटाचं भोक

आमच्या विश्रामबागेतल्या वसतिगृहात एकोणीस वर्षांची एक काकू होती. तिला काहीही विचारा, जेवायला चल म्हणा नाहीतर पाणी गेलंय म्हणा, ती मान वर न करता एक बोट उचलायची आणि म्हणायची, "ओळ संपू दे." मग अख्ख्या जगाने थांबायचं. एकदा हजेरी घ्यायला आलेल्या रेक्टरबाईसुद्धा दारात थांबल्या होत्या. ओळ संपल्यावर काकूने विणायच्या सुया मांडीवर ठेवल्या आणि "हजर" म्हणाली.

तिचं खरं नाव सारिका. गाव पलूसजवळ, घरी ऊस, द्राक्षं आणि दोन म्हशी. टाकेकाकू हे नाव मीच ठेवलं, आणि प्रेमाने नव्हे. मी साताऱ्याची. आमच्याकडे नावं ठेवायची कला शिकवावी लागत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मला खोलीसोबती मिळाली तीच मुळी पलंगाखाली लोकरीचं गाठोडं आणि पेनांच्या डब्यात सुया घेऊन आलेली. आणि कुठे, तर सांगलीत! इथली थंडी म्हणजे जेमतेम आठ दिवसांची पाहुणी, तीही पहाटे उठणाऱ्यांना भेटून जाते. मी म्हटलं, "बाई गं, आइस्क्रीमच्या गाड्यावर शेगडी विकायला बसलीस तू." ती म्हणाली, "ओळ संपू दे, मग भांडू." ओळ संपेपर्यंत माझा राग निवला. तिच्याशी भांडणं कधी नीट झालीच नाहीत, हे माझं जुनं दुःख आहे.

तिला हे कुणी शिकवलं म्हणाल, तर आईने नाही, आजीने नाही. मोबाईलने. कुठल्याशा परदेशी बाईचे व्हिडिओ ती आवाज बंद करून बघायची. "आवाज कशाला? ती काय बोलतीया मला कळत न्हाई, हात बोलत्यात ते कळतं." आमचे प्राध्यापक मात्र सगळे आवाज चालू असूनही कळत नसत.

तासाला ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, सुया बाकाखाली, डोळे फळ्यावर. इतकं निश्चल आणि एकाग्र तोंड वर्गात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. बाकीच्या साठ जणांचे हात बाकाखालीच असत, पण त्यांत मोबाईल असे, आणि त्याला आमच्याकडे डिजिटल शिक्षण म्हणत.

खरी मौज परीक्षेच्या आदल्या दिवशी. आम्ही सगळ्या कुणाच्या तरी वहीचे फोटो मागत फिरायचो. काकू विणलेला तुकडा मांडीवर पसरायची आणि त्यावरून अंगठा फिरवत अभ्यास करायची. "हे बघ, हितं टाके आवळल्यात. म्हंजी हितं सर चिडले हुते. तवा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम चालला हुता. आन् ही सैल पट्टी दिसतीया न्हवं? त्या दिवशी सर स्वतःच्या घराचं बांधकाम सांगत हुते. त्यातलं काय येत न्हाई पेपरात." मी टिंगल केली, "उद्या पेपरला स्वेटर घालूनच बस, कॉपी धरतील." निकाल लागला तेव्हा तिला माझ्यापेक्षा एकवीस मार्क जास्त होते. पुढच्या सहामाहीपासून मी मुकाट्याने तिच्या मांडीवरचा स्वेटर वाचायला शिकले.

तिसऱ्या वर्षी ती शेवाळी रंगाचा मोठा पुरुषी स्वेटर विणायला बसली. तो तिच्या दादाचा. दादा फौजेत लागला होता, आणि महिन्याभराच्या सुट्टीनंतर त्याची रवानगी पहिल्यांदाच वर बर्फात व्हायची होती. जाताना स्वेटर अंगावर घालूनच गाडीत बसवीन, असा शब्द तिने त्याला दिला होता. मी म्हटलं, "अगं, सरकार देतं की त्यांना गरम कपडे." काकूने चक्क अर्ध्या ओळीत सुया थांबवल्या. "देतं की. पण ते सगळ्यांसाठनं असत्यात. दादासाठनं न्हाई." अर्ध्या ओळीत थांबलेली मी तिला त्या एकाच वेळी पाहिली.

पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. डावी बाही राहिली आणि घात झाला. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी भर तासात तिला उभं केलं आणि अवघडातला अवघड प्रश्न विचारला. काकूने बाकाखाली अंगठा फिरवला आणि घडाघडा उत्तर दिलं. उत्तर बरोबर आलं हाच तिचा गुन्हा ठरला. चुकली असती तर मॅडम हसून पुढे गेल्या असत्या. "उत्तर ठीक आहे, पण हात कुठे आहेत?" हात वर आले, हातात सुया आल्या, आणि सुयांना लटकलेला दादाचा स्वेटर अख्ख्या वर्गाने बघितला. तो लोकरीच्या गुंड्यासकट जप्त होऊन प्रयोगशाळेच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांशेजारी गेला. दादाची गाडी रविवारी होती, म्हणजे बरोबर बारा दिवसांनी.

काकूने रीतसर अर्ज केला. जप्त वस्तू परत मिळवण्याचा छापील फॉर्म होता, पण आमच्या कॉलेजात आजवर मोबाईलशिवाय काही जप्तच झालेलं नव्हतं. तेव्हा फॉर्ममध्ये "कंपनी" होतं, "रंग" होता. काकूने कंपनीपुढे लिहिलं "घरची" आणि रंगापुढे "शेवाळी". अर्ज परत आला. का, तर आयएमईआय नंबरची जागा कोरी होती. दुसऱ्या अर्जात तिने तिथे "नाही" लिहिलं, तर क्लार्क म्हणाले, "नंबर नाही म्हणजे वस्तू चोरीची असणार." आता याला काय कपाळ म्हणायचं? मी त्या खिडकीत हात घालून भांडले. क्लार्क पाणी पिऊन आले आणि म्हणाले, आता लंच आहे. काकू मात्र भांडली नाही. खोलीवर येऊन रिकाम्या हातांनी बसली. बोटं आपली चालूच. ते मला बघवेना. मी तिला म्हटलं, दुसरी लोकर आण, परत सुरू कर. ती म्हणाली, "अडीच महिनं गेल्यात त्यात. बारा दिवसांत माणूस बनतोय व्हय?" आणि रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग मूल्यांकनाची समिती येणार असं जाहीर झालं. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली चादर बदलतात, आमच्या कॉलेजाने अख्खं कॉलेज बदललं. कुंड्या आल्या, ग्रंथालयात माणसं आली. आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की कागदावर आपला एक "विद्यार्थिनी हस्तकौशल्य कक्ष" गेली चार वर्षं जोरात चालू आहे. आता तो दाखवायचा कुठून? मॅडमना कपाट आठवलं. दुसऱ्या दिवशी एका काचेच्या पेटीत दादाचा स्वेटर, पुढे सुबक पाटी, "विद्यार्थिनींची निर्मिती, काम चालू आहे", आणि मॅडमचा गोड आवाज, "सारिका बाळ, शुक्रवार-शनिवार इथे बसून विणायचं हं. अजून एक मुलगी घे, गट दिसला पाहिजे. आणि हे बघ, संपवू नकोस. समितीला काम चालू दिसायला हवं."

काकू इतकी नम्रपणे "व्हय मॅडम" म्हणाली की मला धडकी भरली. खोलीवर आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. "दुसरी मुलगी तू. डाव्या बाहीची मनगटाची बॉर्डर तू विणायचीस, तवर मी खांदं आन् कुशी शिवून टाकती. मग बाही मी वढून काढती." मी म्हटलं, "मला बटण लावता येत नाही!" ती म्हणाली, "दोन सुलट, दोन उलट. बडबड बंद. जमतंय."

शुक्रवारी आम्ही पेटीशेजारी सतरंजीवर बसलो, साड्या नेसून, कारण कौशल्य साडीतच दिसतं असं मॅडमचं मत होतं. माझ्या सुईवर चव्वेचाळीस टाके. दोन सुलट, दोन उलट. घाम फुटला मला. जिभेचं टोक बाहेर काढून चार-पाच ओळी रेटल्या असतील नसतील, तोच समितीचे अध्यक्ष माझ्यासमोर वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "काय बाळ, या कौशल्याचा रोजगाराशी संबंध कसा जोडाल?" मी दचकले. टाका सुटला. सुटला तो सरसर खाली उतरला, आणि मी मात्र वर बघून "सर, स्वावलंबन" असं काहीतरी बरळत होते. ते खूश होऊन गेले. खाली बघितलं तर भोक. काकूला सांगायची छाती झाली नाही. टाके भरले त्रेचाळीस, म्हणून मी दुसऱ्याच जागी एक टाका जन्माला घातला आणि चव्वेचाळीस पुरे केले. आकडा जुळला की तपासणी पास, एवढं मी त्या कॉलेजात शिकलेच होते. काकूने घाईत टाके मोजले, मान हलवली आणि बाही पुढे ओढली.

शनिवारी दुपारी समिती निरोपाचा चहा घेऊन परत त्या दालनात आली तेव्हा काकू शेवटचा दोरा तोडत होती. मॅडमचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी विचारलं, "अरे वा, पूर्ण झाला! कुणासाठी?" काकू उठून उभी राहिली. "माझ्या दादासाठी, सर. फौजेत हाय. उद्या गाडी हाय त्याची, वर बर्फात चाललाय. स्वेटर व्हईना म्हणून आमच्या मॅडमनी दोन दिस तास माफ केले आन् हितं बसून विणायला सांगितलं. लय माया हाय मॅडमची." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मॅडमचं अभिनंदन केलं. मॅडमना हसावं लागलं, आणि हसता हसता आपल्या हाताने स्वेटर काकूच्या पिशवीत घालावा लागला. पेटी तशीच राहिली, रिकामी. "काम चालू आहे" ही पाटीही राहिली. ती पुढे वर्षभर कुणी काढली नाही.

रविवारी सांगली स्टेशनवर मीही गेले. उंचपुरा, लाजरा दादा फलाटावर स्वेटर घालायला लागला. उजवा हात गेला, डावा गेला, आणि डाव्या मनगटातून अंगठा थेट बाहेर आला. काकूने ते भोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जमिनीत जायची वाट बघत होते. "कवा सुटला?" "रोजगाराच्या वेळी," मी म्हटलं. तिने पिशवीत सुई शोधली, पण गाडी सुटायच्या बेतात होती. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं, काय होत न्हाई." अंगठा त्या भोकात तसाच ठेवून त्याने खिडकीतून हात हलवला. गाडी गेली. स्टेशनबाहेर आल्यावर काकू म्हणाली, "चव्वेचाळीस कसं भरलं गं मग?" मी सांगितलं. ती तिथेच रिक्षाला टेकून पोट धरून हसली.

आता ती फलटणकडे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. भेट वर्षातून एकदा, फोन आठवड्यातून एकदा, तोही ओळ संपल्यावर. मी पुण्यात नोकरी करते, म्हणजे दिवसभर ऑनलाइन मीटिंगा ऐकते. कॅमेऱ्यात छातीपासून वर दिसतं, हात खाली मोकळे असतात. काकूची आठवण यायची म्हणून सुया हातात घेतल्या, त्या सुटल्या नाहीत. आता माझ्या मफलरवर अंगठा फिरवला की कुठल्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते मला सांगता येतं. सैल पट्ट्याच फार आहेत.

मागच्या महिन्यात तिचं पार्सल आलं. शेवाळी लोकर, सुया आणि सुईवर घातलेले चव्वेचाळीस टाके. लगेच फोन केला. म्हणाली, "दादाचा स्वेटर विरला गं. नवीन पाहिजे म्हणतोय, पण मनगटाला भोक पाहिजेच. पहाऱ्यावर त्यात अंगठा घालून उभा ऱ्हातोय, म्हणतोय घरचं कुणीतरी बोट धरल्यावानी वाटतं. मी चारदा विणून बघितलं. मुद्दाम टाका सोडायला गेलं की माझा हात मागं सरतोय. तूच कर बाई."

हसले मी. फोन ठेवून विणायला घेतलं. पण कसलं काय! इतक्या वर्षांच्या मीटिंगांनी माझाही हात बसलेला. दोनदा उसवलं, दोनदा विणलं, टाका सुटेना. चुकायची अक्कलच गेली होती माझी.

काल साहेब स्क्रीनवर काहीतरी आलेख दाखवत होते. मी पाचव्या ओळीच्या मध्यावर होते. ते अचानक थांबले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "तुमचं काय मत?" मी "ओळ संपू दे" म्हणायला गेले, तोंडातून निघालं "येस सर", आणि टाका सुटला. सरसर खाली गेला, बरोब्बर जिथे जायला हवा तिथे.

"थँक्यू सर," मी म्हटलं. सगळे बघतच राहिले.