मीच ती पेशंट

पोट फुगायला लागलं तेव्हा मी चाळिशीची होते. गॅस असेल म्हणून महिनाभर ओवा चघळला. साडीच्या निऱ्या नीट बसेनात, तेव्हा मालक मला लासुर्ण्याहून बारामतीला घेऊन गेले. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. पुढच्या तपासण्यांत कळलं, अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज.

डॉक्टरांनी मला बाहेर बसवून मालकांना काहीतरी सांगितलं. काय, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण घरी आल्यापासून ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, त्यावरून मी काय ते ओळखलं.

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. मी नऊ वर्षांच्या लेकीला भाकरी थापायला शिकवायला बसले. तिची भाकरी परातीतच फाटायची. मी चिडायचे, ती रडायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी हाय की अजून. पोरीला खेळू दे."

दोन वर्षांनी गाठ परत आली. पुन्हा केमो. त्यानंतर मात्र काही नाही. तपासणीआधी आठवडाभर मला जेवण जायचं नाही, रिपोर्ट आला की भूक लागायची. अशी बारा वर्षं गेली. लेक आता इंदापुरात शाळेवर शिकवते.

गेल्या महिन्यात तपासणीला नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जाडजूड फाईल पहिल्या पानापासून वाचली, मग दाराकडं बघत विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

"मीच की," मी म्हणाले.

त्यांनी फाईल बघितली, पुन्हा मला बघितलं. मग उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. "मावशी, सगळं छान आहे. आता वर्षातून एकदाच या."

परतताना जळोचीच्या पुढं मालकांनी मोटरसायकल कडेला घेतली. बाभळीखाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. आजारपणातसुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

"अवं, काय झालं?"

"तवा डॉक्टर म्हणाले हुते, दिवाळी निघंल का सांगता येत न्हाय."

तेव्हापासूनच्या साऱ्या दिवाळ्या हे त्यांनी एकट्यानं पोटात ठेवलं होतं. मी शेजारी बसले. तिथूनच लेकीला फोन लावला.

"आई, रिपोर्ट?"

"चांगला हाय. पण तुझं अण्णा हितं रडत बसल्यात. त्यांना जरा समजाव," म्हणाले आणि फोन त्यांच्या हातात दिला.