धाकटीला पूर्ण, मला अर्धी

सिहोऱ्याकडच्या आमच्या गोठ्यात धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पेटलं तेव्हा धुरात दोन बायका शिरल्या, मी आणि माझी धाकटी जाऊ. गाय माझी, पाडी होती तेव्हापासून मी वाढवलेली. पण दावं आधी धाकटीच्या हाती लागलं. ती गाईला सोडवून बाहेर घेऊन गेली, मी वासरासाठी आत राहिले. वासरूही वाचलं. गावाने मात्र एवढंच पाहिलं की धाकटीने गाय वाचवली.

तुमसरच्या दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. दोघींच्या नाकात ऑक्सिजनची नळी, बोटाला तो मोजणारा चिमटा. चिमट्याचा आकडा चढला की घरी सोडणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. गाय दुभती होती, आणि रोज जो हात धार काढतो त्याच हाताला गाय सवकते. घरी मुलगा धार काढत होता, त्याची चिंता नव्हती, त्याला ती लाथाच मारते. धाकटी माझ्याआधी घरी पोचू नये, एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकच गोळी सुरू केली, फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्या सैल करणारी. धाकटीचा आकडा चढला, माझा उतरला. लगेच तिची गोळी पूर्ण राहिली आणि माझी अर्धी झाली.

"तिले पूरी, मले अर्धी काहून?" मी विचारलं. "धूर तर मीच जास्त खाल्ला."

"म्हणूनच, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या फुप्फुसाचा बराच भाग सुजून बंद आहे, तिथे हवा पोचत नाही. शरीर तिकडचं रक्त आपणच कमी करतं आणि चांगल्या भागाकडे वळवतं. गोळी जास्त झाली की बंद भागातल्या नळ्याही उघडतात. तिकडे गेलेलं रक्त हवा न घेताच परत येतं. यांचा बंद भाग थोडा आहे, म्हणून यांना पूर्ण चालते."

मी चौथी शिकलेली. ऐकून घेतलं, पटलं नाही. म्हातारीवर औषध कशाला घालवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं आहे, हेच माझ्या मनात.

पलीकडून धाकटी म्हणाली, "बाई, तुमची खालची बांधी फुटली होती तवा बी तुम्ही तलावाचं पाणी जास्तच मांगत होत्या."

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर. माझ्या खालच्या बांधीचा बांध फुटलेला, तरी मी भांडून पाणी वाढवून घेतलं होतं. सगळं पाणी त्या भगदाडातून नाल्यात गेलं आणि बाजूच्या माझ्याच चांगल्या बांध्या कोरड्या राहिल्या.

"तू चूप बस," मी म्हटलं.

"चूपच तर आहो बाई, पूरी गोळी खाऊन."

डॉक्टरीणबाईंनी इतकं सांगून जे डोक्यात गेलं नाही, ते हिच्या एका टोमण्याने गेलं. त्याचा मला गोळीपेक्षा जास्त राग आला.

अर्धीच घेत राहिले. आकडा चढला, पण बैलबंडीच्या चालीने. धाकटीला आधी सोडलं. जाताना म्हणाली, "गाईची फिकर नोका करू बाई, मी आहो ना."

ते ऐकून आकडा उतरला असेल म्हणून मी बोटाकडे पाहिलं. उतरला नव्हता.

घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी गाईखाली बसले. सड धुतले, वासरू लावलं, नेहमीची हाक मारली. गाईने दूध चोरलं, सडात उतरूच दिलं नाही. धाकटी आली, गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली, आणि गाय पान्हवली.

"काढा आता," ती म्हणाली.

मी काढलं. अजूनही धार मीच काढते, पण रोज तिला गोठ्यात बोलवावं लागतं. तिची गोळी केव्हाच बंद झाली. माझी अर्धी चालू आहे.